कारखान्यातलं वाचनालय

सुतारकामातली एक अडचण आधी सांगते, कारण या वाचनालयाची हकिकत तिथूनच सुरू होते. ओकचा ओंडका उभा चार फाकांत चिरला आणि प्रत्येक फाक गाभ्यापासून सालीच्या दिशेनं कापत गेलं, तर फळीवर चंदेरी, वळणावळणाचे पट्टे उमटतात. लाकडात गाभ्याकडून बाहेर धावणाऱ्या ज्या शिरा असतात त्या अशा कापणीत उघड्या पडतात. फळी देखणी होते आणि पुढे वाकतही कमी. पण टेबलाचा चौकोनी पाय घडवायचा म्हटलं की पंचाईत येते. समोरासमोरच्या दोन बाजूंवर पट्टे दिसतात, उरलेल्या दोन बाजू साध्याच राहतात. लिओपोल्ड स्टिकली यांच्या कारखान्यात यावर एक तोड निघाली. अखंड पाय घ्यायचाच नाही. पट्टे असलेल्या चार लांब पट्ट्या घ्यायच्या, त्यांच्या कडा कोनात तासून एकमेकींत अडकवायच्या आणि मधे बारीकसा गाभा बसवायचा. मग पाय चारही बाजूंनी सारखाच सुंदर दिसतो, भिंतीकडे तोंड करून राहणारी बाजूसुद्धा.

हा कारखाना होता न्यूयॉर्क राज्यातल्या फेयेटविल या गावात. सिरॅक्यूज शहराच्या पूर्वेला वसलेलं, चार हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावात आठवडी बाजार भरतो, एखादं माध्यमिक विद्यालय असतं आणि नशिबानं एखादं वाचनालय. फेयेटविलचं वाचनालय आज त्याच जुन्या फर्निचर कारखान्याच्या इमारतीत आहे. अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांमध्ये, लोकांनी येऊन हातानं वस्तू बनवाव्यात यासाठी स्वतंत्र जागा काढणारं पहिलं वाचनालय म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आपल्या वाचनालयाचा इतिहास या स्मरणिकेत इतर सहकाऱ्यांनी लिहिला आहे. संपादक मंडळानं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला दुसऱ्या एका वाचनालयाचा इतिहास लिहू द्या. इतकी वर्षं देवघेवीच्या टेबलापाशी बसून मला जे सुचायला हवं होतं, ते त्या गावानं करून दाखवलं आहे.

‘फेयेटविल फ्री लायब्ररी’ १९०६ साली सुरू झाली. नावातल्या ‘फ्री’चा अर्थ विनाशुल्क. पुस्तक घरी नेण्यासाठी वर्गणी नाही, अनामत नाही. त्या काळात अमेरिकेतही बरीच वाचनालयं वर्गणीदारांची असत, त्यामुळे हा शब्द पाटीवर असणं ही मोठी गोष्ट होती. आपल्याकडच्या ‘मोफत वाचनालय’ या पाट्यांमागे जी तळमळ होती तीच ही. योगायोग असा की स्टिकली बंधूंच्या कंपनीची उभारणीही त्याच सुमाराची. लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज या दोघांची ‘एल. अँड जे. जी. स्टिकली’ कंपनी १९०४ मध्ये रीतसर नोंदली गेली. त्यांचा थोरला भाऊ गुस्ताव यानं सिरॅक्यूजमधून ‘द क्राफ्ट्समन’ नावाचं मासिक काढलं होतं. कारागिरीला मान मिळावा, वस्तू साध्या, भक्कम आणि प्रामाणिक असाव्यात, हा त्याचा ध्यास. तो मासिकात फर्निचरचे आराखडे छापत असे, म्हणजे वाचणाऱ्यानं ते घरी स्वतः बनवून बघावेत. छापील पानावरून हाताकडे जाणारी वाट त्या भागाला तेव्हापासून ठाऊक होती.

त्याहीआधी त्या गावात मटिल्डा जोस्लिन गेज राहत होत्या. वाचनालयाच्या इतिहासात त्यांचा थेट संबंध नाही, कारण वाचनालय सुरू होण्याच्या आठ वर्षं आधी, १८९८ मध्ये त्या वारल्या. तरी मी त्यांना वगळू शकत नाही. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झटणाऱ्या पहिल्या फळीतल्या त्या कार्यकर्त्या. त्यांच्या घरानं गुलामगिरीतून पळून आलेल्यांना आसरा दिला. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ लिहिणारे एल. फ्रँक बॉम हे त्यांचे जावई. १८८२ मध्ये लेकीचं लग्न लागलं ते याच गावातल्या घरी, आणि जावयानं मुलांना सांगितलेल्या गोष्टी लिहून काढाव्यात म्हणून सासूबाईंनीच त्यांच्या मागे लकडा लावला.

याच गेजबाईंनी १८७० मध्ये स्त्री संशोधकांविषयी एक पुस्तिका लिहिली आणि पुढे १८८३ मध्ये त्याच विषयावर मोठा लेख प्रसिद्ध केला. बायकांच्या डोक्यात यंत्र शिरत नाही, हे त्या काळात सगळे म्हणत. गेज यांनी एकेक उदाहरण मांडून ते खोडलं. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राची, वऱ्हाड-खानदेशात ज्याला आपण जीन म्हणतो त्याची, मूळ कल्पना कॅथरिन ग्रीन या बाईंची होती असं त्यांनी लिहिलं. पेटंट मात्र एली व्हिटनीच्या नावावर आहे. या दाव्यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण श्रेय कुणाच्या नावावर चढतं आणि कुणाच्या नावावरून उतरतं, हा प्रश्न त्यांनी विचारला तो विचारलाच. शंभरहून अधिक वर्षांनी, १९९३ मध्ये, विज्ञानाच्या इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी स्त्रियांचं संशोधन पुरुषांच्या खात्यात जमा होण्याच्या प्रकाराला ‘मटिल्डा इफेक्ट’ असं नाव दिलं. ही मटिल्डा म्हणजे फेयेटविलच्या गेजबाई. पुढे त्यांच्याच गावच्या वाचनालयात वस्तू बनवण्याची खोली उघडली ती दोन बायकांच्या पुढाकारानं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले होते.

मधली वर्षं मी भराभर ओलांडते. लिओपोल्ड १९५७ मध्ये गेले. त्यांच्या पत्नीनं धंदा कसाबसा टिकवून धरला. १९७४ मध्ये आल्फ्रेड आणि अमिनी ऑडी या दांपत्यानं कंपनी विकत घेतली आणि तिला पुन्हा उभं केलं. काम वाढलं, जागा पुरेना, तेव्हा १९८५ मध्ये कारखाना शेजारच्या मॅनलियसला गेला. फेयेटविलची जुनी इमारत मागे राहिली. कारखाना गावातून गेला की मागे काय उरतं हे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. अशा जागेवर बहुधा काहीतरी चकचकीत उभं राहतं आणि दहा वर्षांत तिथं काय होतं हे सांगणारंही कुणी उरत नाही. फेयेटविलकरांनी ती इमारत पाडली नाही. २००३ मध्ये त्यांचं वाचनालय तिथं राहायला आलं. वरच्या मजल्यावर पुढे स्टिकली फर्निचरचं संग्रहालयही झालं. खाली पुस्तकं, वर ते चारही बाजूंनी देखणे पाय.

इतकं सगळं झाल्यावरही ते वाचनालय इतर चांगल्या वाचनालयांसारखंच एक होतं. बदल घडला तो २०१० च्या सुमारास. सिरॅक्यूज विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या लॉरेन स्मेडली या विद्यार्थिनीनं सार्वजनिक वाचनालयांतल्या नव्या कल्पनांवरच्या एका वर्गासाठी प्रकल्प लिहिला. वाचनालयात थ्रीडी प्रिंटर ठेवावा आणि त्याच्याभोवती लोकांनी एकमेकांना शिकवण्याची जागा तयार करावी, असं त्यात मांडलं होतं. विद्यार्थ्यांचे प्रकल्प गुण मिळाले की कपाटात जातात. हा प्रकल्प फेयेटविलच्या वाचनालयाच्या संचालिका सू कॉन्सिडाइन यांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो वाचला आणि लिहिणाऱ्या मुलीलाच कामावर घेतलं. तिच्या हुद्द्याला नाव दिलं ते बहुसाक्षरतेचं काम पाहणारी अधिकारी, अशा अर्थाचं. वाचता-लिहिता येणं ही एक साक्षरता. चित्रातून, आकड्यांतून, यंत्रातून, हातातून बोलता येणं याही साक्षरताच, आणि माणसाला एकीतून दुसरीत जाता आलं पाहिजे, असा त्यामागचा विचार.

मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही नेमणूक. यंत्र कुणीही विकत घेतं. नव्या कल्पनेसाठी पगारी माणूस नेमणं अवघड असतं, कारण कल्पना फसली तरी तो पगार जमाखर्चात दिसतच राहतो. कॉन्सिडाइनबाईंनी तो धोका पत्करला.

पहिलं यंत्र देणगीतून आलं. ते होतं मेकरबॉट कंपनीचं ‘थिंग-ओ-मॅटिक’. असली यंत्रं त्याआधी मोठ्या कंपन्यांपुरती होती, किंमत लाखोंच्या घरात. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच भाग छापू शकणाऱ्या यंत्राचा ‘रेपरॅप’ प्रकल्प सुरू केला आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले ठेवले. या छपाईच्या पद्धतीवरचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं. त्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये मेकरबॉट सुरू झाली. त्यांच्या या यंत्राचा सांगाडा प्लायवूडचा होता. लेसरनं कापलेल्या फळ्या, खाचेत खाच बसवून नट-बोल्टनं आवळलेल्या. लाकडाला लाकूड जोडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इमारतीत पहिलं नवं यंत्र आलं तेही लाकडाच्या अंगाचं.

हे यंत्र चालतं कसं ते मी पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष पाहिलं ते आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत अटल टिंकरिंग लॅब आली तेव्हा. सोऱ्यातून कुरडई पडावी तसा तापलेल्या नळीतून प्लास्टिकचा धागा पडतो. फक्त कुरडई हात गोल फिरेल तशी पडते, आणि इथं नळी एकेका मिलिमीटरचा हिशेब ठेवून फिरते. एक थर संपला की पाट केसभर खाली जातो, दुसरा थर सुरू. शेजारी उभी असलेली सातवीतली मुलगी श्वास रोखून पाहत होती. पहिला थर पाटाला धरला नाही तर सगळंच वर उचललं जातं आणि शेवयांचा गुंता होतो. तसा झालाही. तिनं तो काढला, पाट पुसला, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या वेळेला धरला. किल्ली अडकवण्याएवढी एक कडी बनायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिला तापमानाविषयी, प्लास्टिकविषयी आणि धीर धरण्याविषयी जे कळलं ते मी कुठल्याही पुस्तकातून तिला देऊ शकले नसते. पुस्तकांवर माझा जीव आहे म्हणून हे लिहायला मला जड जातं, पण खरं आहे.

फेयेटविलमध्ये २०११ साली ही जागा उघडली. नाव ठेवलं ‘फॅब लॅब’. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत ही कल्पना मांडून त्यांनी १०,००० डॉलरचं बक्षीस आणलं, लोकांकडून वर्गणी जमवली, इमारतीच्या दुरुस्तीसाठी राज्याचं अनुदान मिळवलं. नोव्हेंबरात ‘फोर्ब्ज’नं दखल घेतली आणि एवढ्याशा गावाचं नाव ग्रंथपालांच्या जगात सगळीकडे पोचलं.

अर्थात आक्षेप आलेच, आणि ते आपल्या ओळखीचे आहेत. हे वाचनालयाचं काम आहे का? खडखडाट होईल. कचरा होईल. पुस्तकांचे पैसे यंत्रात जातील. त्या वादात फेयेटविलच्या मदतीला सिरॅक्यूज विद्यापीठातलेच एक प्राध्यापक होते, आर. डेव्हिड लँक्स. २०११ मध्येच आलेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी मांडलं आहे की ज्ञान कपाटात नसतं; माणसं बोलतात, करतात, चुकतात, तेव्हा ते त्यांच्यात तयार होतं, आणि ग्रंथपालाचं काम त्या तयार होण्याला हातभार लावण्याचं आहे. आपले रंगनाथन १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम सांगून गेले की पुस्तकं वापरासाठी असतात, आणि पाचवा की ग्रंथालय ही वाढणारी, जिवंत गोष्ट आहे. हे नियम मी परीक्षेसाठी पाठ केले होते. सुतारकामाचं पुस्तक वापरायचं म्हणजे शेवटी रंधा हातात घ्यायचा, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा जाणवली नाही.

जुने दाखलेही आहेत. न्यूयॉर्क राज्यातच गोवांडा नावाच्या गावी १८७० च्या दशकात बायकांचं एक मंडळ होतं. गोधड्या शिवायच्या, विणायचं, आणि हात चालू असताना पुस्तकांवर बोलायचं. त्या मंडळातून पुढे गावचं वाचनालय झालं. म्हणजे तिथं शिवणकाम आधी आणि कपाटं नंतर. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या वाचनालयानं १९७९ पासून अवजारं घरी न्यायला दिली: करवत, ड्रिल, शिडी. पुस्तकासारखीच, परतीच्या तारखेसह. हे सगळं वाचताना मला आपल्याकडच्या शेजारधर्माची आठवण झाली. गल्लीत एकाच घरी मोठं पातेलं असायचं, एकाच घरी शिडी, आणि सगळ्यांची कामं व्हायची.

आता मूळ मुद्द्याकडे येते. फेयेटविलमध्ये हे चालवलं कसं? यंत्रांची यादी करून उपयोग नाही. थ्रीडी प्रिंटरच्या बरोबरीनं तिथं शिवणयंत्रंही होती आणि विणकामालाही तितकाच मान होता, एवढं सांगितलं तरी पुरे. खरी युक्ती दुसरीकडे आहे. नवा सभासद नाव नोंदवायला आला की आपण काय विचारतो? नाव, पत्ता, ओळखपत्र. तिथं त्याला याखेरीज विचारू लागले की तुम्हाला काय करायला आवडतं, तुम्हाला काय चांगलं येतं, आणि ते दुसऱ्या कुणाला शिकवाल का. बस, एवढंच. उत्तरं टिपून ठेवली. कुणाला इलेक्ट्रॉनिक्स येत होतं, कुणाला शिवण. मग त्या माणसांना बोलावलं, जागा दिली, वेळ ठरवून दिली. शिकवणारे गावातलेच आणि शिकणारेही गावातलेच. ग्रंथपालानं प्रत्येक यंत्रात पारंगत व्हायची गरज उरली नाही. कुणाला काय येतं हे माहीत असणं आणि दोघांची गाठ घालून देणं, हे काम ग्रंथपाल पूर्वीपासून करतच आला आहे. फरक एवढाच की आजवर गाठ वाचकाची आणि पुस्तकाची घातली जायची.

दुसरी गोष्ट शिस्तीची. यंत्राला हात लावण्याआधी प्रत्येकानं ते शिकून घ्यायचं, चालवून दाखवायचं, मगच स्वतंत्रपणे वापरायची परवानगी. ज्यांनी असं काही चालवलं आहे त्यांना याचं मोल कळेल. बनवायच्या खोलीचा जीव लहान लहान गोष्टींत अडकलेला असतो. किल्ली कुणाकडे? धागा संपला तर पैसे कुठल्या शीर्षाखाली? सुई तुटली तर कोण बदलणार? छोटी वस्तू छापायलासुद्धा तास जातात, मग रांगेत कुणाचा नंबर आधी? या प्रश्नांची उत्तरं लिहून भिंतीवर लावली नाहीत तर पहिल्या उत्साहाच्या तीन महिन्यांनंतर खोलीला कुलूप लागतं. नियम कडक हवेत आणि दार उघडं हवं. दोन्ही एकाच वेळी सांभाळणं हीच मेहनत.

पुढे तिथं आवाज, चित्रफीत, छायाचित्रं यांच्या कामासाठी ‘क्रिएशन लॅब’ झाली आणि अगदी लहान मुलांसाठी ‘लिटल मेकर्स’ नावाचा कोपरा झाला. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींसाठी त्यांनी ‘गीक गर्ल कॅम्प’ भरवलं. प्राथमिक शाळेतल्या मुली, विज्ञान आणि यंत्रं, हातानं करून बघायचं. विज्ञान आणि अभियांत्रिकीत काम करणाऱ्या बायका त्यांच्याशी बोलायला यायच्या. त्या छोट्या मुलींना गेजबाईंची ती पुस्तिका कुणी दाखवली की नाही, ठाऊक नाही. गाव तेच होतं.

फेयेटविलनंतर वाट रुंदावत गेली. कनेटिकटमधल्या वेस्टपोर्टच्या वाचनालयात २०१२ मध्ये, शिकागोच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात २०१३ मध्ये अशा जागा उघडल्या. फिनलंडनं तर ५ डिसेंबर २०१८ रोजी, स्वतःच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, हेलसिंकीत संसदेसमोर ‘ओडी’ हे ग्रंथालय उघडलं आणि त्याचा मधला अख्खा मजला करण्यासाठी ठेवला. शिवणयंत्रं, लेसर कटर, गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या खोल्या. पुस्तकं वरच्या मजल्यावर, उजेडात. संसदेसमोर शिवणयंत्र ठेवणाऱ्या देशाविषयी मला आदर वाटतो.

पण ‘फॅब लॅब’ या नावाशी आपलं नातं त्याहून जुनं आहे आणि हे आपल्याच लोकांना कमी माहीत असतं. हे नाव आणि ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या नील गर्शेनफेल्ड यांची. एमआयटीच्या बाहेर अशा प्रयोगशाळा निघाल्या त्यांतली अगदी पहिली २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. फेयेटविलच्या नऊ वर्षं आधी. तिचं पाबळला येणं सहज झालं नव्हतं. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतल्या मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये त्या दुष्काळी गावात येऊन राहिले होते. शाळा सोडलेली मुलं हातानं काम करत शिकू शकतात, नव्हे, जास्त चांगली शिकतात, यावर त्यांची श्रद्धा होती. तिथली मुलं वेल्डिंग करत, शेती करत, विहिरीसाठी जमिनीतलं पाणी उपकरणानं शोधत, लोखंडी सांगाड्याचे घुमट उभारत. शिकायचं ते गावाचं खरं काम करता करता, आणि त्या कामाचे गावाकडून पैसेही घ्यायचे. त्या जमिनीवर एमआयटीची यंत्रं आली म्हणून ती रुजली.

मग ही गोष्ट आपल्या वाचनालयांपर्यंत का पोचली नाही? मला वाटतं, आपली सगळी ताकद ऐकण्यात गेली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून मराठी गावांनी व्याख्यानमाला अक्षरशः पोटच्या पोरासारख्या सांभाळल्या. मी स्वतः कितीतरी व्याख्यानांच्या सतरंज्या अंथरल्या आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण समोर बसलेल्या दीडशे लोकांना काय येतं, हे आम्ही एकदाही विचारलं नाही.

यात मलाही एक जुनी सल आहे. मी नोकरीत नवी असताना एका सभासद बाईंनी दोन शिवणयंत्रं वाचनालयाला देऊ केली होती. मुलींना दुपारी शिकता येईल म्हणून. यंत्रं आली, दाखल नोंदवहीत कुठल्या रकान्यात लिहायची यावर चर्चा झाली, खडखडाट होईल म्हणून कुणीतरी म्हणालं, आणि ती मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवली गेली. मी काही बोलले नाही. दोन पावसाळ्यांत चाकं जाम झाली. त्या बाई पुढे पुस्तक बदलायला यायच्या तेव्हा मागच्या खोलीकडे बघायच्या नाहीत.

फेयेटविलविषयी वाचलं आणि निवृत्तीला थोडे महिने उरले असताना मी सभासद अर्जाच्या तळाशी हातानं एक ओळ लिहायला सुरुवात केली: तुम्हाला काय चांगलं येतं? शिकवाल का? ठराव केला नाही, परवानगी मागितली नाही. एका ओळीला काय लागतं. लोक आधी थबकायचे. मग लिहायचे. बांबूच्या टोपल्या. पेटी. सायकलीचं चाक आऊट झालं तर सरळ करणं. कापडाच्या बाहुल्या. मोडी वाचणं. एका आजींनी लिहिलं, वाकळ, आणि पुढे कंसात, सुई ओवून दिलीत तर. रोज सकाळी फक्त वर्तमानपत्र वाचायला येणारे एक काका होते. वीस वर्षं मी त्यांना पाहत आले होते, पण कधी चार शब्दांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्यांनी लिहिलं: घड्याळं.

पुढच्या रविवारी ते आले. बालविभागातल्या बुटक्या टेबलावर आम्ही कालचं वर्तमानपत्र पसरलं. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेले बारीक पेचकस काढले, डोळ्याला भिंग लावलं आणि बंद पडलेलं गजराचं घड्याळ उघडलं. नऊ मुलं आली होती. एकेक स्क्रू ते बशीत ठेवत होते, उजवीकडून डावीकडे, ज्या क्रमानं काढला त्या क्रमानं. केसाएवढी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग दिसली तेव्हा त्यांनी भिंग काढून शेजारच्या मुलाच्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, हात लावू नकोस, फक्त फुंकर मार, अगदी हळू. त्यानं फुंकर मारली आणि चक्र हललं.